नावाड्यानं दोर का सोडला

१९ जानेवारी

ही वही मी अडलेले शब्द लिहायला घेतली होती. मारिसोलताईनं कॅम्पच्या मेसमधल्या कपाटातून काढून दिली. चार पानं शब्दांनी भरली आणि कंटाळा आला, कारण शब्दापाशी थांबलं की गोष्ट पुढं पळून जाते. आता शब्द सोडून देतो, गोष्ट धरतो. वही उरलीच आहे तर तिच्यात दुसरं काहीतरी लिहीन.

पुस्तक ट्रूडीचं आहे. ट्रूडी टिझर्ड, आमच्या पफिन आर्म गावची, शाळेची बस चालवते. ‘धुक्यातला उतार’ असं नाव, चारशे बारा पानं, कव्हरवर नदी, धुकं आणि एक बोकड. ऑक्टोबरात छापून आलं. मला परवा मिळालं, कारण तिनं ते माझ्या दोन कॅम्पांआधीच्या पत्त्यावर पाठवलं होतं. मी एका जागी टिकत नाही, त्याला पोस्टखातं काय करणार. आत पत्र नाही. पहिल्या पानावर शाईनं एकच शब्द: ‘गॅरोला’.

गॅरो म्हणजे मी. म्हणजे खेळातला मी. पाच हिवाळे आम्ही चौघं दर रविवारी दुपारी ट्रूडीच्या स्वयंपाकघरात तो खेळ खेळलो. गोष्ट सांगायची ट्रूडी, जग सगळं तिचं. आम्ही तिघं त्या जगातली माणसं. फिलोमिना जादूगारीण, गॉर्ड तलवारबाज, मी नावाडी. आपण काय करणार ते आपण बोलायचं, आणि ते जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगणार. वीस पडला तर राजा. एक पडला तर संपला. त्या पाच हिवाळ्यांचं तिनं पुस्तक केलं.

मी दोन वर्षं झाली कॅनडाच्या पश्चिमेला, अल्बर्टात आहे. परांच्या बांधतो. वीस दिवस काम, आठ दिवस सुट्टी. सुट्टी लागली की पूर्वेकडच्या आमच्या बेटावरचे सगळे विमान धरून घरी जातात. मी एडमंटनला खोली घेतो आणि झोपतो.

२२ जानेवारी

रोज वीस पानं होतात. नववीत शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणाले होते, सेल्बी, तुझं शब्दांवाचून काही अडणार नाही. चांगलंच अडतंय.

पहिली शंभर पानं सगळे नुसते खातात. खाणावळीत खातात, वाटेत खातात, राजाकडं जाऊन खातात. मला हसू आवरेना. कारण त्या हिवाळ्यात गॉर्डचं डाएट चालू होतं. दुसरं काही मिळेना म्हणून तो खेळातच जेवायचा. ट्रूडी विचारायची, ‘‘पुढं काय करतोस?’’ आणि हा, ‘‘अजून एक मटणाचा तुकडा घेतो.’’ तिनं एक तुकडा गाळलेला नाही.

२४ जानेवारी

लोक इंटरनेटवर पुस्तकांना तारे देतात ते मला माहीत नव्हतं. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे टाकाऊ. ट्रूडीच्या पुस्तकावर एकशे सहा जणांनी लिहिलंय. जेवणाच्या सुट्टीत वाचत बसलो, सूप गार झालं.

एक बाई: ‘तीनदा वाचलं. नवरा तीनदा उपाशी राहिला. पाच तारे.’

एक जण: ‘नकाशा सुंदर आहे. नकाशा ठेवा, बाकीचं नदीत सोडा.’

दुसरा: ‘हे खेळावरून लिहिलंय हे लपत नाही. लढाईत प्रत्येक जण आपला नंबर येईपर्यंत उभा राहतो, दवाखान्यात बसल्यासारखा.’ हे खरं आहे. आम्ही तसेच उभे राहायचो.

बोकड तर सगळ्यांनाच आवडलाय. तो फिलोमिनानं गंमत म्हणून पाच मिनिटांत विकत घेतला होता.

पण भांडण आहे ते नावाड्यावरून. निम्मे लोक म्हणतात, शेवट वाचून पुस्तक भिंतीवर मारलं. वीस वर्षं नाव चालवणारा माणूस पुरात मित्रांचा तराफा धरून उभा असतो आणि मधेच दोर सोडतो. का सोडतो ते लेखिका सांगत नाही. लेखिकेला माणसं कळत नाहीत. लेखिका आळशी आहे. एकानं तर लिहिलंय, लेखिकेनं बसच चालवावी. तिला बस चालवताना पाहिलं असतं तर त्यानं हे चांगल्या अर्थानं लिहिलं असतं.

मी तिथवर पोचलो नाही अजून. पण काय होतं ते मला माहीत आहे. मी होतो तिथं.

२८ जानेवारी

वेंडेलकाकांनी पुस्तक नेलं आणि दोन दिवसांत परत आणलं. वेंडेल स्नूक आमचे मुकादम, पलीकडच्याच खाडीतले, साठीला आलेले. परांचीवर शिव्या, खोलीवर पुस्तकं. पुस्तक माझ्या पलंगावर टाकलं आणि म्हणाले, ‘‘पोरगी लिहिते बरी. पण तो नावाडी खोटा आहे.’’

‘‘खोटा म्हणजे?’’

‘‘माझा बाप बोटीवर होता. बोटं गोठून काळी पडली, दोन कापली, पण दोर सुटला नाही. ज्याच्या हाताला सवय असते ना लेका, त्याचा हात डोक्याला विचारत नाही. हा गॅरो सोडतो म्हणजे त्याला सोडायचाच होता. मग कारण सांग की! वाचकाला काय अंतर्ज्ञान आहे?’’

‘‘नशीब असेल,’’ मी म्हटलं. ‘‘खेळातला फासा तसा पडला.’’

‘‘फाशाचं मला सांगू नको. पुस्तकात फासा नाही.’’

मारिसोलताई मेसमध्ये वाढते. फिलिपिन्सची. तीन मुलं तिकडं आईपाशी. तिनं पुस्तक मागून ठेवलंय. म्हणाली, ‘‘मला शेवट सांगू नको बाळा. सांगितलास तर तुला अंडं नाही.’’

५ फेब्रुवारी, एडमंटन

सुट्टी. दिवसाला तीस पानं झाली. पोचलो नदीच्या उताराशी, जिथं दोर सुटतो.

तिथं काय लिहिलंय ते मी उतरून काढतो: ‘नावाड्यानं बोटं उघडली. एकदम नाही. एकेक करून, जशी कुणी कुणाची समजूत घालून सोडवतं तशी.’

असं काही झालं नव्हतं. मी फासा टाकला, एक पडला, दोर सुटला. इतकंच. बोटांचं ट्रूडीनं पदरचं घातलंय. आणि लोक त्याच वाक्यावर चिडलेत. साधं ‘दोर निसटला’ लिहिलं असतं तर कुणी चकार शब्द काढला नसता.

आणखी एक पदरचं. उताराच्या काठावर जकातघर आहे, तिथं एक मुलगी असते, इस्मेर. खेळात तिला दोनच वाक्यं होती, ‘दोन नाणी’ आणि ‘सांभाळून जा’. पुस्तकात ती पानोपानी आहे. शेवटी गॅरो धुक्यात निघून जातो आणि ही रोज संध्याकाळी त्याच्या नावाचा वाडगा चुलीशेजारी ठेवते. कशाला? तिचा काय संबंध? तिनं त्याला धड ओळखलंही नव्हतं. इथं मात्र वाचक रडलेत. एकशे सहातल्या साठ जणांना तो वाडगाच आवडलाय. मला काही कळलं नाही.

पुस्तक संपलं. आयुष्यातलं पहिलं. सांगायला शेजारी कुणी नव्हतं. खाली जाऊन यंत्रातून कॉफी घेतली आणि त्या यंत्राला सांगितलं.

९ फेब्रुवारी, कॅम्प

फिलोमिनाचा फोन. ती सहा महिन्यांनी एकदा करते, शिव्या साठल्या की.

‘‘वाचलंस का रे, दिवट्या?’’

‘‘वाचलं. सगळं.’’

‘‘खोटं! चारशे पानं? तू?’’ मग आवाज उतरला. म्हणाली, प्रकाशकाचं पत्र आलंय. दुसरा भाग काढायला तो तयार आहे, पण मार्चअखेर सुरुवातीची पन्नास पानं हवीत आणि त्यात नावाड्याचं कारण हवं. वाचक तेवढंच विचारतायत. कारण नसेल तर दुसरा भाग नाही.

‘‘मग लिहू दे की कारण. त्यात काय? त्याला साप चावला म्हणावं.’’

‘‘लिहीत नाही ना! म्हणते, माझ्याकडं कारण नाही आणि मी बनवणार नाही. महिनाभर कोरं पान पुढं घेऊन बसते. परवा म्हणाली, राहू दे, एक पुस्तक झालं तेवढं पुष्कळ. ट्रूडी असं म्हणते, सेल्बी! जी बर्फात अडकलेली बस फावड्यानं काढते ती.’’

मी बुटाची नाडी सोडून परत बांधली.

‘‘आणि इस्मेर वाचून काय वाटलं तुला?’’

‘‘जास्त झाली जरा.’’

‘‘गाढव आहेस,’’ म्हणाली, आणि फोन ठेवला.

मग मी ताऱ्यांखाली शोधलं. एका चिडलेल्या वाचकाला ट्रूडीनं स्वतः उत्तर दिलंय, डिसेंबरातलं: ‘माझ्या स्वयंपाकघरात जे घडलं ते मी लिहिलं. तो दोर का सोडतो हे मलाही माहीत नाही. विचारायचं तर नावाड्याला विचारा.’

लोकांनी त्यावर हसऱ्या तोंडांची रांग लावलीय.

१० फेब्रुवारी

एक पडला नव्हता.

आता लिहितोच.

ट्रूडीच्या स्वयंपाकघराची जमीन शेगडीकडं उतरती आहे. जुनं घर, एका बाजूनं खचलंय. टेबलाच्या पायाखाली विटा दिल्या तरी फासा घरंगळायचा तो लोखंडी शेगडीच्या खाली. बाकी लोक खाली पडलेला फासा बाद धरतात. आम्ही तसं केलं असतं तर एक डाव पुरा झाला नसता. म्हणून आमचा नियम वेगळा: फासा थांबेल तिथं खरा. आणि ज्यानं टाकला त्यानंच वाकून बघायचं आणि आकडा सांगायचा. दुसऱ्यानं बघायचं नाही. पाच वर्षांत कुणी कुणाचा आकडा तपासला नाही. गॉर्डसारखा माणूस, पत्त्यांत सख्ख्या आईला फसवतो, तोसुद्धा शेगडीखालून उठून तोंड पाडून म्हणायचा, ‘‘दोन.’’

त्या रविवारी माझा हिरवा फासा शेगडीखाली गेला. मी पोटावर झोपून बघितलं. सतरा होता. सतराला दोर सहज राहिला असता. मी उठलो आणि म्हणालो, ‘‘एक.’’

खिशात इकडचं विमानाचं तिकीट होतं. दुसऱ्या दिवशी सकाळचं. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण पंधराच दिवसांपूर्वी, कोळंबीचा कारखाना बंद झाला तेव्हा, त्याच टेबलावर मूठ आपटून मी म्हटलं होतं की गावातले सगळे गेले तरी हा सेल्बी रायडाऊट पश्चिमेला जाणार नाही. गॅरो संपला तर मला तिथून उठायला निमित्त मिळणार होतं. मिळालंच. फिलोमिनाच्या डोळ्यांत पाणी, गॉर्ड खुर्ची लाथाडतोय, आणि मी कोट घालून, ‘‘चला, माझा खेळ संपला.’’

फासा उचलायचा राहिला.

ट्रूडी त्या एकाला धरून बसलीय. लोक तिला आळशी म्हणतात, माणसं कळत नाहीत म्हणतात, आणि ती माझ्या खोट्या आकड्याशी इमान राखतेय. त्यापायी दुसरं पुस्तक जाणार.

१२ फेब्रुवारी

मेसमध्ये आज माझ्या टेबलावर युद्ध. मारिसोलताईचं वाचून झालं.

वेंडेलकाका म्हणाले, ‘‘सांग बाई तूच. भला माणूस दोर सोडेल?’’

‘‘सोडेल.’’ तिनं त्यांच्या ताटात बटाटे आदळले. ‘‘जायचं असेल तर सोडावाच लागतो. हातात दोर धरून कुणी निघू शकतं का?’’

‘‘पण सांगून जावं माणसानं!’’

‘‘मी नाही सांगितलं,’’ ती म्हणाली. ‘‘धाकटीला. झोपली होती, तशीच निघाले. उठवलं असतं तर ती रडली असती, आणि मी आज तुम्हाला बटाटे वाढत नसते.’’

काकांनी मान खाली घालून बटाटे खाल्ले. मग हळूच विचारलं, ‘‘मग आता काय म्हणते धाकटी?’’

‘‘दर फोनला तेच विचारते. मला का नाही उठवलंस? अकरा वर्षांची झाली.’’

मी ताट तसंच ठेवून उठलो. ताई मागून ओरडली, अन्न टाकू नये म्हणून.

१४ फेब्रुवारी

ट्रूडीला सांगायचंच असं ठरवलं. चारदा नंबर काढला, चारदा फोन खिशात. मग एक युक्ती सुचली. ताऱ्यांखाली नाव न देता लिहायचं. तिला कारण मिळेल, मला तोंड दाखवायला नको. नाव घेतलं ‘एक वाचक’. दोन तास लागले. हे लिहिलं:

‘मला वाटतं, नावाड्याचं दुसरीकडं जायचं आधीच ठरलं होतं आणि सांगायची छाती नव्हती. त्यानं मुद्दाम सोडला. फासा शेगडीखाली गेल्यावर खरा आकडा कुणाला दिसतो? लेखिकेचा दोष नाही. बोकड छान.’

तीनच तारे दिले. पाच दिले असते तर कुणाला संशय आला असता.

१७ फेब्रुवारी

माझ्या मताला ‘उपयोगी’ असं एकानं म्हटलं, ‘निरुपयोगी’ असं नऊ जणांनी. आणि खाली कुणीतरी लिहिलंय: ‘नदीकाठी शेगडी? फासा? साहेब कोणतं पुस्तक वाचून आलेत?’

अजूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. वेंडेलकाकांनी पाडला. चहाच्या सुट्टीत, पाइपांच्या ढिगावर बसून, फोन लांब धरून त्यांनी ते मत मोठ्यानं वाचलं. सावकाश. शेगडीपाशी थांबले.

‘‘मी पुस्तक दोनदा वाचलंय,’’ म्हणाले. ‘‘त्यात चूल आहे, भट्टी आहे, एक जळका वाडा आहे. लोखंडी शेगडी नाही. फासा तर नाहीच नाही. मला फाशाचं कोण बोललं होतं रे?’’

मी पाइप मोजायला लागलो.

‘‘चहा पी, थंड होतोय. आणि तिला फोन कर. तिला ही शेगडी ओळखायला मला लागला तेवढाही वेळ लागणार नाही.’’

१८ फेब्रुवारी

केला. सकाळी दहाला, आमच्या सुट्टीत. तिकडं दीड वाजलेला, ती शाळेबाहेर बस लावून मुलं सुटायची वाट बघत बसते, ती वेळ. एका घंटेत उचलला.

‘‘या, एक वाचक,’’ म्हणाली. ‘‘तीनच तारे?’’

मी बोलायचं ठरवून ठेवलेलं सगळं विसरलो. म्हटलं, ‘‘ट्रूडी, एक नव्हता पडला. सतरा होता.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘काय माहीत आहे?’’

‘‘सतरा. दुसऱ्या दिवशी केर काढताना वाकले तर तुझा हिरवा फासा बसलाय, सतरा वर करून. आठवडाभर मी शेगडीखाली झाडू घातला नाही. फिलोमिना म्हणाली, किती ही घाण.’’

‘‘मग तू बोलली का नाहीस? दोन वर्षं?’’

‘‘नियम काय आहे? ज्यानं टाकला त्यानं सांगायचं. तू एक म्हणालास. मी कोण तपासणार?’’

मला बोटं आठवली. एकेक करून उघडलेली. चारशे बारा पानांत तिनं मला आकडा लिहून पाठवला होता आणि मी म्हणत होतो की बाईनं पदरचं घातलंय.

‘‘सेल्बी, तू सोडलास हे मला कळलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘का ते नाही कळलं. आम्ही काही केलं का? मी काही बोलले का? लोक मला एवढं झोडपतात ना, त्यांचं बरोबर आहे. खरंच कारण नाही त्या पुस्तकात. तोंडाला येईल ते मी लिहू शकले असते, साप चावला म्हणून. पण मग मला खरं कधी कळलंच नसतं.’’

मी तिकिटाचं सांगितलं. मूठ आपटल्याचं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘हे निम्मं झालं. लाज वाटली म्हणून एवढं? पत्र टाकता आलं असतं. पुढं.’’

पुढं काय ते मलाही तेव्हाच कळलं, बोलता बोलता. मी म्हटलं, ‘‘तुला सांगितलं असतं तर तू थांब म्हणाली असतीस.’’

‘‘म्हणाले असते.’’

‘‘मग मी थांबलो असतो. म्हणून नाही सांगितलं.’’

मग नाक ओढल्याचा आवाज. मग, ‘‘हे लिहू का?’’

‘‘लिही.’’

‘‘मग परत बोल, सावकाश. हजेरीच्या कागदामागं लिहितेय, पेन चालत नाहीये.’’

मी परत बोललो. तिनं दोनदा म्हणून घेतलं. तेवढ्यात शाळा सुटली आणि पोरं बसमध्ये घुसली, कुणीतरी विचारलं, मिस टिझर्ड, रडताय का, आणि ती ओरडली, ‘‘बूट झाडून चढ, बूट!’’

सुट्टी पंधरा मिनिटं ओलांडून गेली होती. वेंडेलकाकांनी माझ्या वाटचे पाइप वर चढवून ठेवले होते.

२३ फेब्रुवारी

मारिसोलताईला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, ‘‘वाडग्याचं काय?’’

‘‘कोणत्या वाडग्याचं?’’

तिनं वाढायचा डाव माझ्या डोक्याजवळ आणला आणि परत नेला. ‘‘पुन्हा वाच. त्या मुलीची पानं तेवढी वाच.’’

वाचतोय. रोज वीस.

२७ फेब्रुवारी

वाचली.

परवाचं तिकीट काढलं. एडमंटनचं नाही.

२ मार्च, पफिन आर्म

रविवार. घरी.

आज दुपारी ट्रूडीकडं गेलो. पायरीवर बूट काढायला इतका वेळ लावला की गॉर्डनं आतून हाक मारली, ‘‘बूट काढतोयस का शिवतोयस?’’ तो आता बारीक आहे. फिलोमिनानं पाठीत एक धपका दिला, मग गळ्यात पडली, मग दुसरा धपका दिला. हा दुसरा दोन वर्षांपूर्वीचा राहिलेला, म्हणाली.

माझी खुर्ची तिथंच. तिच्यावर कुणी बसत नव्हतं असं नाही, मांजर बसत होतं. पत्र्याच्या डब्यातून ट्रूडीनं गॅरोचा कागद काढला, माझ्या अक्षरातला, कडेला कॉफीचा डाग तसाच. आणि हिरवा फासा. धुतलेला.

कणकेच्या तळलेल्या चकत्या आणि काकवी होती. शेगडीच्या कडेवर एक वाडगा वेगळा ठेवला होता, झाकून. मी त्याच्याकडं बघितलं. ट्रूडीनं माझ्याकडं बघितलं आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन म्हणाली, ‘‘मांजराचा आहे.’’

‘‘मांजर चकत्या खातं?’’

‘‘जेव गपचूप.’’

जेवलो. त्या वाडग्यातलंच.

तिची चोवीस पानं झालीयत. पहिलं पान वाचून दाखवलं. गॅरो पलीकडच्या देशात लाकडं वाहतोय आणि त्याला कुणी विचारतं, तू कुठला? वाक्यं माझीच, पण नीट उभी केलेली. प्रकाशक घेईल का? ती म्हणाली, माहीत नाही, पण लिहून होणार. आणि वाचक? गॉर्ड म्हणाला, आता निम्मे म्हणतील कारण पटलं नाही. ‘‘म्हणू देत,’’ ट्रूडी म्हणाली. ‘‘भांडायला काहीतरी मिळालं ना त्यांना.’’

मग टेबल आवरून खेळायला बसलो. ट्रूडीनं रेडिओवर बातम्या सांगताना लावतात तसा आवाज लावला. ‘‘दोन वर्षांनी नावाडी उताराशी परत येतो. पाणी तसंच चढलंय. मित्र पलीकडं आहेत. तो जुना दोर अजून खुंटाला आहे. काय करतोस?’’

‘‘दोर धरून पाण्यात उतरतो.’’

‘‘टाक.’’

टाकला. टेबलावर एकदा उडाला, विटांकडच्या बाजूनं खाली, आणि जमिनीच्या उतारावरून सरळ शेगडीखाली. कुणी जागचं हललं नाही. फिलोमिना छताकडं बघायला लागली, गॉर्डनं डोळेच मिटले. ट्रूडी आपल्या कागदावर काहीतरी लिहिल्यासारखं करत होती.

मी पोटावर झोपलो. खाली स्वच्छ झाडलेलं होतं. फासा अगदी भिंतीशी थांबला होता. पुन्हा बघितलं.

उठलो, गुडघे झटकले.

‘‘चार,’’ मी म्हणालो.

‘‘चार!’’ गॉर्ड किंचाळला. ‘‘दोन वर्षांनी येतो आणि चार टाकतो! बुडाला हा!’’

‘‘बोकड पाठवा रे कुणीतरी,’’ फिलोमिना म्हणाली.

ट्रूडीनं पेन ठेवलं. इतकी हसत होती की तिला गोष्ट सांगता येईना. ‘‘चार म्हणजे चार,’’ म्हणाली. ‘‘नावाडी पहिल्याच पावलाला घसरतो. डोक्यावरून पाणी जातं. नाकातोंडात चिखल. बूट वाहून गेले. काठावर जकातघराचं दार उघडतं, कुणीतरी कंदील घेऊन धावत येतं.’’ ती थांबली. ‘‘दोर मात्र हातात आहे.’’

शनिवारी सकाळच्या विमानानं मी कॅम्पला परत जातोय. वीस दिवसांनी येणार. तिघांनाही सांगून झालंय, गॉर्डनं तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. ट्रूडीला मी वेगळं सांगितलं, पायरीवर, बूट घालताना. ती म्हणाली, थांब.

म्हणून उद्याही जातोय तिच्याकडं.